तोंड वर करून सांगते, ताई

विमलताई,

गजानन म्हणाला, "मी सांगतो, तू लिही."

तुमची शोकसभा आटपली होती. हॉलमधल्या खुर्च्या उचलणं चाललं होतं आणि आमी दोघं तुमच्या खोलीत येऊन बसलो होतो. कॉलेजच्या अंकासाठी तुमच्यावर काहीतरी लिहून दे, असं त्याला सरांनी सांगितलं होतं. त्याला वाटलं, नेहमीसारखंच करावं. तो बोलणार, मी लिहिणार. बी.ए.च्या पहिल्या पेपरापासून आता एम.ए.पर्यंत आमचं तसंच चालत आलं. मी पेन उघडलं, कागद सरळ केला आणि माझ्या तोंडून निघालं, "नाई. या टायमाले मी सांगते."

"मंग लिहील कोण? मी?" तो म्हणाला आणि हसला. गजाननला जन्मापासून दिसत नाही, आणि त्यावरचे विनोद फक्त त्यानंच करायचे असा त्याचा कायदा आहे.

"लिहीन बी मीच."

तो काठी चाचपत उठला. "लिही मंग. मी बाहेर बसतो. कोणी पाहून राह्यलं की तुझा हात थांबते. मले त काई दिसत नाई, तरी बसतो बाहेर."

म्हणून हे माझं आहे, ताई. चुका असल्या तर त्याही माझ्या. मी आठवी शिकलेली. या हातानं आजवर राज्यशास्त्र लिहिलं, इतिहास लिहिला, अर्थशास्त्र लिहिलं, पण त्यातलं एकही वाक्य माझं नव्हतं. स्वतःचं एवढं लांब लिहायला पहिल्यांदा बसली आहे, आणि सांगायचं ते एकच आहे. तुमाला गाडीत घालून नागपूरला नेत होते तेव्हा मी खिडकीत वाकून तुमाला बोलली होती, "मी बसते परीक्षेले." तुमाला ते ऐकू आलं नाही. दुसऱ्या कोणी ऐकलं नाही. म्हणजे मी मोकळी होती, मला कोणी विचारणार नव्हतं. आणि मला तीच भीती वाटत होती, की मी अशीच मोकळी राहीन.

तुमाला आठवते का, तुमी मला पहिल्यांदा कुठं पाहिलं? मुलींच्या होस्टेलच्या स्वयंपाकघरात. पण आधी मला पाहिलं नव्हतं, फळा पाहिला होता. माझं गाव बेज्जूरच्या पलीकडे, प्राणहितेच्या काठावर. सकाळी निघालं तर बस बदलत बदलत अंधार पडायच्या वक्ताला आदिलाबाद येते. कांतामावशी होस्टेलात स्वयंपाक करायची, तिनं मला हाताखाली बोलावून घेतलं. मी भाकरी थापायची, वांगी चिरायची, आणि रोज सकाळी दारातल्या फळ्यावर त्या दिवसाचं जेवण लिहायची. वर तेलगूत, खाली मराठीत. पप्पू म्हणजे वरण, चारू म्हणजे टमाट्याचं सार, अंबाडीची भाजी. ते काम मला कोणी दिलं नव्हतं. फळा होता, खडू होता, मी लिहायची.

तुमी एका आजारी मुलीला पाहायला आल्या होत्या. फळ्यासमोर थांबल्या. "हे अक्षर कोणाचं?" मला वाटलं, काहीतरी चुकलं. मी पिठाचे हात मागं घेऊन जमिनीकडे पाहत काहीतरी पुटपुटली.

"पोरी," तुमी म्हणाल्या, "मले ऐकू नाई येत. कानात मशीन हाय, पण मशीनवर सारं भागत नाई. मी तोंड पाहून ऐकते. तू जमिनीले सांगून राह्यली. आता जमिनीले विचारू काय मी?"

आणि स्वतःच्या हनुवटीखाली बोट नेऊन ते वर केलं. तोंड वर कर.

लहानपणापासून मी मान खाली घालून बोलत आली. घरी, शाळेत, बसमध्ये तिकीट मागताना. कंडक्टर ओरडायचा, मी आणखी हळू बोलायची. लोकांना वाटायचं ही लाजते. मला लाज नव्हती वाटत, मला भीती वाटायची, आणि भीती कशाची ते विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. तुमी काही विचारलं नाही. तुमाला ऐकायचं असेल तर मला वर पाहावंच लागायचं, एवढंच. डॉक्टरनं औषध द्यावं तसं नव्हतं ते. तुमाला गरज होती म्हणून मी मान वर केली. दुसऱ्या कोणी माझ्या भल्यासाठी सांगितलं असतं तर मला जमलं नसतं.

दुसऱ्या दिवशी तुमी मला कॉलेजात घेऊन गेल्या. प्रयोगशाळेच्या बाजूची लांबट खोली. बाहेर पाटी होती, समान संधी केंद्र की काय, पण ती पाटी कोणीच वाचत नव्हतं. पोट्टे म्हणायचे, ताईची खोली. ज्यांना दिसत नाही ते, ज्यांना ऐकू येत नाही ते, ज्याच्या पायात त्रास आहे तो, आणि ज्यांना अंगावर काही दिसत नाही पण झोप येत नाही, रडू येते, वर्गात बसवत नाही, असेही. तुमी राज्यशास्त्र शिकवायच्या, आणि तास संपला की इथं. पगार राज्यशास्त्राचाच मिळायचा.

तिथं गजानन बसला होता. भीमपूरकडचा, घरी कापसाची शेती, बोलायला कोणी थांबवलं नाही तर संध्याकाळपर्यंत बोलणारा. तुमी म्हणाल्या, "हे वनिता. हे तुझं लिहील."

"अक्षर कसं हाय?"

"तुले काय करायचं अक्षराचं?"

"मले नाई, मार्क देणाऱ्याले."

तुमी मला एकच नियम शिकवला. जे सांगितलं ते लिहायचं. चूक वाटलं तरी तसंच लिहायचं, पुढचं आठवत असलं तरी गप्प बसायचं, आपलं शहाणपण खोलीच्या बाहेर चपलेजवळ ठेवायचं. उत्तर त्याचं आहे. त्याची चूक करायचा हक्कही त्याचाच आहे. हे मला फार पटलं. मग मी नियम इतका पाळला की पहिल्याच सरावात घोटाळा केला.

गजानन उत्तर तेलगूत सांगायचा आणि मधी माझ्याशी बोलायचा मराठीत. मी सगळं लिहून काढलं. तेलगू तेलगूत, आणि मराठीही तेलगू अक्षरात. तुमी कागद घेतला, चष्मा लावला आणि वर्गात वाचतात तसं मोठ्यानं वाचायला लागल्या. "मूलभूत हक्क नागरिकाला घटनेने दिलेले आहेत... थांब वं वनिता, घसा सुकला... हे हक्क न्यायालयातून मिळवता येतात... अरे बाप्पा, पुढचं गेलं डोक्यातून... समोशाचा वास येऊन राह्यला काय तुले?" मग कागद खाली ठेवून, चेहरा अगदी सरळ ठेवून तुमी विचारलं, "समोसा कोणत्या कलमात हाय?"

गजानन बाकावरून पडायचा राहिला. मला रडू यायला लागलं होतं, ते हसण्यात गेलं. त्या दिवशी तुमी तळव्याचा नियम काढला. सांगणाऱ्यानं बाकावर तळवा टेकवला की उत्तर थांबलं. मग पाणी मागा, खोका, समोशाबद्दल बोला. तळवा उचलला की पुन्हा उत्तर सुरू. आता त्या खोलीत जे कोणी दुसऱ्याचं लिहिते ते असंच लिहिते. मागच्या वर्षी आलेल्या मुलांना तर वाटते हा सरकारी नियम आहे.

मग खरा पेपर आला. हॉलच्या दारात परीक्षेचे मोठे सर उभे होते. त्यांनी मला पायापासून वर पाहिलं, होस्टेलच्या कामाची साडी, हातावर तव्याचे चटके. तेलगूत विचारलं, "एम चदुवुकुन्नावम्मा?" काय शिकलीस बाई. माझं शिक्षण कोणी विचारलं की मला वाटायचं, माझ्या अंगावरचं कापड कोणीतरी ओढून राह्यलं. तुमी माझ्या बाजूला उभ्या होत्या. तुमी त्यांचं तोंड वाचलं.

"आठवी," तुमी म्हणाल्या.

"मॅडम, हा डिग्रीचा पेपर आहे."

"म्हणूनच आठवी. लिहिणाऱ्याचं शिक्षण परीक्षा देणाऱ्यापेक्षा कमी पाहिजे, तुमचाच नियम आहे. जास्त शिकलेली आणली असती तर तुमीच अडवलं असतं. मी बघून आणली."

बघून आणली. बाजारातून चांगलं कणीस निवडून आणावं, तसं. आठवी या शब्दाला कोणी असं बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. मी आत गेली, बसली, आणि गजाननचा पूर्ण पेपर लिहिला. जास्तीच्या वेळेसकट. बाहेर आल्यावर तुमी चहा मागवला, तुमचा बिनसाखरेचा, आणि म्हणाल्या, "तुझा हात कापला नाई."

मी तुमाला कधी काही सांगितलं नव्हतं. तुमी नुसतं पाहिलं होतं, की हॉलच्या दारात माझे हात कापत होते आणि पेन धरल्यावर थांबले.

तेव्हा मी तुमाला नववीचं सांगितलं. वार्षिक परीक्षा होती. पेपर हातात आला, अक्षरं हलायला लागली, बोटं लाकडासारखी झाली, छातीत धडधड, घामानं कागद ओला. मला वाटलं मी मरून राह्यली. वर्गावरचे गुरुजी म्हणाले, नाटकं करते. मी उठून घरी गेली आणि पुन्हा शाळेत गेली नाही. घरीही कोणाला फार वाईट वाटलं नाही, शेतात हात पाहिजेच होते.

दुसरं कोणी असतं तर च्यक् केलं असतं, पाठीवर हात ठेवला असता. तुमी विचारलं, "हॉल केवढा होता?"

मी म्हटलं, मोठा.

"तू कुठं बसली होती? दारापाशी की मधात?"

मधात. चारही बाजूंनी पोरं.

"मागं कोणी फिरत होतं काय?"

गुरुजी. बुटांचा आवाज यायचा.

तुमी मान हलवली, मिस्तरीनं भिंतीतली ओल शोधून काढल्यावर हलवावी तशी. "म्हणजे तुले लहान खोली पायजे, दारापाशी जागा पायजे, अन थोडा जास्तीचा वेळ पायजे. बस, एवढंच. गजाननले मिळते, तुले काऊन नाई?"

"मी काय आंधळी हाव?"

तुमी कानावरचे केस बाजूला केले, मशीन दाखवलं, पुन्हा केस सोडले. "आता सांग, मी दिसते काय बहिरी?"

या प्रश्नाला मी आजवर उत्तर दिलेलं नाही. तुमी म्हणायच्या, ओपनमधून, म्हणजे शाळेत न जाता, दहावीला बस. मी म्हणायची, मी दहावी झाली तर पोरांचं कोण लिहील, माझं तर शिक्षण कमी आहे म्हणूनच चालते. तुमी चिडायच्या. तुमी चिडल्या की तुमचं मशीन शिट्टी मारायचं, तुमाला माहीत नव्हतं.

"गजानन एम.ए. करून राह्यला. तू दहावी काय, बारावीचं इंटर झालीस तरी त्याच्या खालीच राहशील. कोणाची काळजी करून राह्यली?"

"इंटरच्या पोट्ट्यांचं काय? त्यायले दहावीच्या खालचंच पायजे."

"त्यायच्यासाठी दुसरी तयार कर. फळ्यावर लिहिणारी काय तू एकटीच हाय या जिल्ह्यात?"

आणि एकदा, खोलीत कोणी नसताना, रागानं नाही, हळू बोलल्या. "तू नियमाच्या मागं लपून राह्यली, वनिता. तो नियम त्यायच्यासाठी हाय. तुले लपाले नाई केला."

मी दोन दिवस तुमच्याशी बोलली नव्हती. आता सांगते, राग खरं बोलल्याचा होता.

ताई, लोक तुमच्याबद्दल सभेत बोलले ते सगळं खरं होतं, पण ते ऐकताना तुमी कोणी दुसऱ्याच आहात असं वाटत होतं. शांत, सोशिक, मायाळू. तुमी कुठं शांत होत्या? खोलीत जुने कॉम्प्युटर ठेवायचे म्हणून कॉलेजची मोठी मंडळी समजवायला आली, तेव्हा तुमी दोन्ही मशीनं कानातून काढून डब्याच्या झाकणात ठेवली आणि हसत बसल्या. "तुमचं बोलून घ्या, सर. संपलं की हात वर करा." कॉम्प्युटर आजही व्हरांड्यात आहेत. आणि तुमच्या चुकाही व्हायच्या. गजाननला न विचारता त्याचं नाव भाषणाला दिलं होतं, तो म्हणाला, "ताई, मी काय प्रदर्शनात ठेवाचा बैल हाव?" तुमी सगळ्यांसमोर त्याची माफी मागितली. त्यानंतर तुमी विचारल्याशिवाय कोणाच्या नावानं चहासुद्धा मागवला नाही.

सभेत त्या खुर्चीबद्दल कोणी बोललं नाही. खिडकीजवळची, भिंतीकडे पाठ न करता बाहेरच्या कडुलिंबाकडे तोंड करून ठेवलेली. जो त्या खुर्चीत बसला त्याला काहीही विचारायचं नाही, हाल नाही, हजेरी नाही, जेवलास का तेही नाही. उटनूरकडची जंगूबाई पहिल्या वर्षी त्या खुर्चीत किती दिवस बसली, मला मोजता येणार नाही. होस्टेलात झोपत नव्हती, वर्गात जात नव्हती, कोणाशी बोलत नव्हती. तिला पाहायलाच तुमी पहिल्यांदा होस्टेलात आल्या होत्या. मी एकदा तुमाला म्हटलं, "इचाराना तिले काई." तुमी म्हणाल्या, "येते ना ती रोज? तेच बोलणं हाय तिचं." आणि एके दिवशी जंगूबाई उठली, माठ रिकामा पाहून म्हणाली, "मॅडम, पाणी भरू का?" तुमी नुसतं "भर" म्हणाल्या. मग तोंड फिरवून चष्मा पुसत बसल्या, बराच वेळ. माझ्यासोबत डॉक्टरकडे याल का, असं तिनंच नंतर विचारलं, आणि तुमी तिच्याबरोबर गेल्या. आज सभेत ती गोंडीत दोन वाक्यं बोलली. मला कळली नाहीत, पण ती माइकसमोर उभी होती.

त्या खुर्चीत मीही बसत होती. भाजी चिरून झाली की यायची, बसायची, लिंबाकडे पाहायची. तुमी माझ्या मागून जायच्या, कपाट उघडायच्या, बंद करायच्या. काही विचारायच्या नाही. आयुष्यात मला एवढा सुखाचा वेळ कोणी दिला नव्हता.

पण दुसऱ्याच्या वेळेची एवढी काळजी करणाऱ्या तुमी स्वतःला वेळ कधी दिला? जिने चढताना तुमी कठड्याला धरून थांबायच्या. म्हणायच्या, चष्मा पुसते. चष्मा हातात नसायचा. मी म्हटलं, ताई, नागपूरला दाखवून या. तुमी म्हणाल्या, परीक्षा झाल्यावर. परीक्षा झाल्या. मग म्हणाल्या, प्रवेश झाल्यावर. मी तिसऱ्यांदा बोलली तेव्हा तुमी माझ्यासमोर मशीन बंद केलं आणि खिडकीकडे पाहायला लागल्या.

माझ्यावर बंद केलं, ताई. त्या कॉम्प्युटरवाल्या मंडळींवर केलं तसं.

मला इतका राग आला की मी भीती विसरली. टेबलाला वळसा घालून तुमच्यासमोर उभी राह्यली आणि तुमच्यासारखंच बोट माझ्या हनुवटीखाली नेऊन वर केलं. तोंड वर करा. तुमी वर पाहिलं आणि हसायला लागल्या.

"बरं. बोल."

"तुमी नागपूरले दाखवा. मंग मी परीक्षेले बसते."

"आधी तू बस. मंग मी जाते."

"आधी तुमी."

"आधी तू."

गजानन कोपऱ्यातून म्हणाला, "दोघी बी बसच्या दारात अडकल्या. मागच्यानं चढावं कुठून?"

आमी तिघंही हसलो. आता त्या हसण्यावर मला राग येते. तुमी माझ्यासाठी थांबल्या होत्या का, आणि मी तुमच्यासाठी? गजानन म्हणते, तसा विचार करू नको, ताई कोणाच्या ऐकण्यातल्या नव्हत्या. त्याचं बरोबर असेल. पण मी "बसते" म्हटलं असतं तर तुमी शब्द पाळला असता, हेही मला माहीत आहे, आणि हे घेऊन मला राहायचं आहे.

मग एक दिवस दुपारी तुमी खोलीत खाली बसल्या ते उठल्याच नाही. तुमचा भाचा गाडी घेऊन आला. मागच्या सीटवर तुमाला आडवं केलं, मशीनं टोचतात म्हणून त्यानं काढली आणि माझ्या हातात दिली. मी खिडकीत वाकली. तेव्हा म्हटलं, "मी बसते परीक्षेले, ताई." रडताना म्हटलं, आणि जुन्या सवयीनं मान खाली घालून म्हटलं. तुमी माझ्याकडे पाहत होत्या. तुमाला माझं तोंड दिसलं नाही, काही ऐकू आलं नाही. तुमी चादरीतून हात काढला आणि बोट हनुवटीखाली नेऊन वर केलं.

मी तोंड वर केलं तोवर गाडी फाटकाबाहेर गेली होती.

तुमी नागपूरहून परत आल्या नाही. मशीनं मी भाच्याला परत दिली. शब्द माझ्याजवळ राह्यला. त्यानंतरचे दिवस मी स्वयंपाकघरातून निघाली नाही. मनात एक आवाज म्हणायचा, कोणी ऐकलं नाही. भाकरी थापताना तोच आवाज, आणि खोटं कशाला बोलू, तो आवाज गोड लागायचा.

काल नवीन सरांनी मला खोलीत बोलावलं. खोली आता त्यांच्याकडे दिली आहे. तेलगू आहेत, कमी बोलतात, माणूस बरा वाटते. म्हणाले, येत्या परीक्षेला कोणाला काय लागेल ते तुला माहीत आहे म्हणतात, सांग. मी सांगत गेली. गजाननला लिहिणारी मी, आणि जास्तीचा वेळ. जंगूबाईला मधून बाहेर जाऊन यायची मोकळीक. दोन नवीन मुलं, ऐकू न येणारी, त्यांना सूचना कागदावर. सरांचे कान चांगले आहेत, त्यांना तोंड पाहायची गरज नाही, म्हणून मी आपली टेबलाकडे पाहून बोलत होती.

"आणखी कोणी?"

मी बाकावर तळवा टेकवला. कसा टेकवला ते माहीत नाही, हातच गेला. सर थांबले. त्यांना तळव्याचा नियम माहीत नव्हता, तरी थांबले. बाहेर लिंबावर कावळे ओरडत होते. खुर्ची रिकामी होती. मला वाटलं उठावं आणि त्या खुर्चीत जाऊन बसावं, मग कोणी काही विचारणार नाही.

मी तळवा उचलला.

"एक आहे, सर. आपल्या कॉलेजची नाही. ओपनमधून दहावी. लहान खोली पाहिजे, दारापाशी जागा, आणि थोडा जास्तीचा वेळ. मागून कोणी फिरायचं नाही."

"त्यांच्या सेंटरला आपण बोलू. दिसत नाही का तिला? लिहिणारा लागेल?"

"नाही. ती स्वतः लिहिते."

"नाव काय?"

एवढं मी टेबलालाच सांगितलं होतं. मग वर पाहिलं.

"वनिता."

सरांनी नाव लिहून घेतलं. तुमाला सांगायचं ते पोचलं असेल तर तेव्हा पोचलं असेल, आधी नाही. तुमी नागपूरला गेल्या, ताई. उशिरा गेल्या, पण शब्दाप्रमाणे गेल्या. आता त्या बसच्या दारात मी एकटीच उभी आहे.

गजानन बाहेरून ओरडून राह्यला, "झालं काय वं? चहा तिसऱ्यांदा थंड झाला." त्याला वाचून दाखवावं लागेल. समोशाच्या जागी तो हसेल.

हात दुखून राह्यला, ताई. कापत नाही.

तुमची
वनिता